दोन लिटरचा रतीब

स्वयंपाकघराच्या दाराआड खिळ्याला कालनिर्णय टांगलेलं असतं. तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने दुधाचा आकडा मांडायची पद्धत सासूबाईंची. २ म्हणजे दोन लिटर. पाहुणे असले की ३, गणपतीत ४, रतीब आला नाही तर फुली. महिना सरला की बेरीज करायची आणि दूध घालणाऱ्या मावशींच्या हातावर पैसे ठेवायचे. सासूबाई गेल्यावर ती पेन्सिल माझ्याकडे आली आणि मी तेच मांडत राहिले. २, २, २.

मागे एकदा माळा आवरताना जुनी कॅलेंडरं हाती लागली. लेक पुण्याला शिकायला गेली ते २०१६ चं. मुलगा नोकरीला बंगळूरला गेला ते २०१९ चं. सासूबाई गेल्या तो २०२१ चा डिसेंबर. पाच माणसांचं घर दोघांचं झालं, पण चौकोनातला आकडा जागचा हलला नव्हता. सासूबाई गेल्या त्या तारखेच्या चौकोनातसुद्धा २ आहेत, त्यांच्यानंतरच्या सगळ्या चौकोनांतही २ आहेत. माळ्याच्या शिडीवर बसून मी ती पानं उलटत होते आणि पोटात कसंसं होत होतं.

कारण उरलेलं दूध कुठे जात होतं ते मला ठाऊक होतं. मागच्या दारी कढीलिंबाच्या मुळाशी. आज पातेलंभर, परवा वाटीभर. फ्रिज उघडावा, मागच्या कोपऱ्यात तीन दिवसांचं दूध दिसावं, गॅसवर ठेवताच फुटावं. कधी त्याचं पनीर व्हायचं, कधी कंटाळा यायचा. कंटाळा आला की मागचं दार.

आमचं गाव दापोली तालुक्यात, आंजर्ले आणि केळशीच्या मधल्या पट्ट्यात. दूध टाकणं ही या घराची रीत कधीच नव्हती. मी लग्न होऊन आले तेव्हा गोठ्यात एक गावठी गाय होती, तांबूस, लहान चणीची, डोंगर चढून चरून येणारी. अशा गाईंना अलीकडे ‘कोकण कपिला’ या नावाने स्वतंत्र जातीची मान्यता मिळाली आहे. आमच्यासाठी ती कपिलीच होती. दोन्ही वेळचं मिळून दीड-दोन लिटर दूध द्यायची, आणि तेवढ्यात पाच माणसांचा चहा, सासऱ्यांचा रात्रीचा पेला, मुलांचं दूध, दही, ताक आणि महिन्याला थोडंफार तूप निघायचं. आज हे लिहितानाही नवल वाटतं. घरात फ्रिज नव्हता, आणि समुद्रापासून हाकेच्या अंतरावरची ती दमट, चिकट हवा, जिच्यात मिठाच्या बरणीलाही पाणी सुटतं.

माजघरात दुभत्याचं कपाट होतं. शिसवी नव्हे, साधं फणसाच्या लाकडाचं, तीन बाजूंना बारीक जाळी. त्याचे चार पाय चार करवंट्यांत, करवंट्यांत पाणी, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. करवंट्यांतलं पाणी रोज बदलायचं काम माझ्याकडे होतं. कपाटाची जागाही विचार करून ठरवलेली. चुलीपासून लांब, उत्तरेच्या भिंतीला, जिथे वैशाखातही शेणाची जमीन पायाला गार लागायची. वरच्या फळीवर दूध, मधल्यावर दही-ताक, खालच्या कप्प्यात लोण्याचं भांडं पाण्यात बुडवलेलं. तुपाची बरणी कपाटाबाहेर, फडताळात. आई म्हणायच्या (सासूबाईंना आम्ही आईच म्हणत असू), तुपाला राखण लागत नाही.

त्या वाक्याचा अर्थ मला फार उशिरा कळला. दूध म्हणून दूध काही तासच टिकतं. त्याचं दही केलं की एक-दोन दिवस मिळतात. ताक घुसळून काढलेलं लोणी पाण्यात ठेवलं की आणखी थोडे दिवस. लोणी कढवून तूप केलं की महिने. आई दूध ‘साठवत’ नसत, त्या दूध पुढे सरकवत असत. सकाळच्या दुधातून दुपारपर्यंत काय लागणार, संध्याकाळी काय उरणार, याचा हिशेब दूध तापायच्या आधीच मनात झालेला असे. उरेल असं वाटलं की संध्याकाळची वाट न बघता विरजण. ‘उरलेलं दूध’ अशी गोष्टच त्या घरात नव्हती. उद्याचं दही असायचं, परवाचं ताक असायचं, पुढच्या महिन्याचं तूप असायचं.

आणि वैल. चुलीच्या बाजूचं ते दुसरं तोंड, जिथे जाळ येत नाही, नुसती धग येते. सकाळी उकळलेलं दूध दुपारपर्यंत वैलावर. झाकण अर्धवट. दुधाला हळूहळू गुलाबीसर रंग यायचा, सायीचा जाड थर धरायचा, चव खमंग व्हायची. मला वाटे, सायीसाठी ठेवतात. सायीसाठी तर होतंच, पण दूध नासवणारे जीवाणू साधारण ४ ते ६० अंशांच्या मधल्या उबेत फोफावतात. फ्रिज दुधाला त्या पट्ट्याच्या खाली नेतो, वैल वर धरून ठेवतो. तापमापी न पाहिलेल्या बाईने दुपारपर्यंतचे सहा-सात तास असे राखले होते.

जीवाणूंचं गणित साधं आहे आणि भीतिदायकही. ऊब मनासारखी मिळाली तर वीसेक मिनिटांत एकाचे दोन होतात. असं धरलं तर एका जीवाणूचे चार तासांत ४,०९६. यांतले बरेच दुधातली साखर खाऊन आम्ल करतात. ताज्या दुधाचा सामू (pH, म्हणजे आम्लतेचं माप, जितका कमी तितकं आंबट) ६.६ ते ६.८ असतो, तो उतरत ४.६ च्या आसपास आला की दुधातलं केसीन हे प्रथिन आपसूक गोठतं. पण तितकी वाट बघावीच लागत नाही. थोडंसं आंबटलेलं दूध दिसायला धड असतं, वासही येत नाही, आणि गॅसवर चढवलं की फुटतं, कारण उष्णतेने तो उंबरठा अलीकडे येतो. म्हणून शंका आली की सगळं पातेलं तापवायचं नाही. पळीभर दूध लहान भांड्यात उकळून बघायचं. ते धड राहिलं तर बाकीचं तापवावं. नाही राहिलं तर बाकीच्याचं कच्चं असतानाच काय करायचं ते ठरवता येतं. शिवाय चहासाठी भिजवलेल्या साखर-पत्तीचं नुकसान टळतं. आई हे रोज करत असत आणि मी त्याला नुसती सवय समजत होते.

आणखी एक गोष्ट त्यांनी शिकवली ती जिवाशी निगडित आहे, म्हणून सविस्तर लिहिते. फुटलेलं दूध दोन तऱ्हांचं असतं. एक आंबट. ते आंबवणाऱ्या जीवाणूंचं काम. नुकतंच फुटलेलं, वास स्वच्छ असलेलं असं दूध लगेच उकळून, गाळून त्याचं पनीर करता येतं, साखर घालून आटवलं तर कलाकंदासारखी वडी होते, निवळीत कणीक भिजवता येते. दुसरं कडवट. दूध उकळल्यावर आंबवणारे जीवाणू मरतात, पण काहींची बीजं उकळूनही जिवंत राहतात. पुढे ती रुजली की आंबट न करता प्रथिनंच तोडतात, आणि दूध कडू, तारदार, विचित्र वासाचं होतं. ते कशातही घालायचं नाही. पुन्हा उकळून ते सुधारत नाही. वाचवायच्या हौसेने माणसाच्या पोटात घालायचं नाही. आई एक थेंब तळहातावर घेऊन चाटत आणि कडू लागलं की थुंकून, न हळहळता पातेलं रिकामं करत. काटकसर करणाऱ्या बाईचा हात तिथे जराही अडखळत नसे.

खाण्याचा सोडा चिमूटभर घालून दूध फुटण्यापासून वाचवायची युक्तीही गावात चालते. मला ती मान्य नाही. सोडा आम्ल मारतो, जीवाणू नाही. दूध बिघडलेलंच असतं, फक्त आपल्याला सांगत नाही.

आमच्याकडे फ्रिज आला २००३ च्या सुमारास. तोवर कपिली गेली होती, गोठा रिकामा झाला होता आणि दूध मावशींकडून येऊ लागलं होतं. त्यांच्याकडे दोन म्हशी. म्हशीच्या दुधात स्निग्धांश सहा-सात टक्के, गाईच्या जवळजवळ दुप्पट, त्यामुळे सायीची चंगळ झाली. दुभत्याचं कपाट पडवीत गेलं, त्यात आधी मुलांची पुस्तकं आणि पुढे नारळ सोलायची हत्यारं राहू लागली.

फ्रिजला मी नावं ठेवणार नाही. वैशाखात दुपारी गार पाणी प्यायला मिळणं हे सुख मी विसरलेले नाही. पण फ्रिज आल्यापासून मी दुधाकडे बघणं थांबवलं हे खरं. आत ठेवलं की झालं. दूध सरकवायची घाई उरली नाही, आणि घाई नसली की उद्यावर पडतं. त्यात मी ज्या चुका केल्या त्या मला वाटतं घरोघरी होतात. तापवलेलं दूध कोमट असतानाच आत सारायचं. फ्रिजच्या दारात ठेवायचं, म्हणजे दर वेळी दार उघडलं की त्याला बाहेरची हवा. आणि सगळ्यांत वाईट, कालच्या दुधात आजचं ताजं ओतायचं. भांडी कमी पडतात म्हणून असं होतं, पण त्याने कालच्या दुधातले जीवाणू आजच्या दुधालाही लागतात आणि दोन्ही एकदम जातात. जुन्याच्या पोटी नवं ओतू नये, हे आई म्हणायच्या तेव्हा मला तो शिवाशिवीतला काहीतरी प्रकार वाटे.

फणसाचंही सांगितलं पाहिजे. मे महिन्यात बरक्या फणसाचे गरे डब्यात घालून फ्रिजात ठेवले आणि शेजारी दूध उघडं राहिलं, तर दुसऱ्या दिवशीचा चहा फणसाचा. दुधातली चरबी वास ओढून घेते. सुकटीच्या बाबतीत काय होतं ते लिहीतसुद्धा नाही. असं दूध खराब झालेलं नसतं, पण कोणी पीत नाही, म्हणून टाकलं जातं. नुसत्या झाकणाने वाचलं असतं असं किती दूध मी ओतलं असेन.

मग ३ जून २०२० आला.

निसर्ग चक्रीवादळ त्या दिवशी दुपारी किनाऱ्यावर आलं. आम्ही तिघं घरात होतो, आई, हे आणि मी. मुलं टाळेबंदीत अडकलेली, एक पुण्यात, एक बंगळुरात. वारा आला तो आवाज मला शब्दांत मांडता येत नाही. चार तासांत आमच्या वाडीतल्या सुपाऱ्या काडीसारख्या मोडून पडल्या, सासऱ्यांनी लावलेले नारळ मुळासकट उन्मळले, पडवीची कौलं उडाली. संध्याकाळी बाहेर आलो तर ओळखीची जागा ओळखू येईना. विजेचे खांब रस्त्यावर आडवे पडले होते. आमच्या वाडीत पुन्हा दिवा लागायला महिना गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी आल्या, पडलेल्या झाडांवरून चढत-उतरत, हातात किटली. त्यांच्या गोठ्याचं छप्पर गेलं होतं, म्हशी बचावल्या होत्या. “जनावरांना काय कळतंय, धार तर काढायलाच हवी,” म्हणाल्या. रोज दूध घेऊन जाणारी दापोलीची गाडी येणार नव्हती, रस्ता बंद. पाकिटं येत नव्हती. वाडीतल्या घरांना त्यांचं दूध तेवढंच, आणि त्यांना ते त्याच दिवशी खपवायला हवं होतं. त्यांनी आम्हाला तीन लिटर घातलं. मी बंद पडलेल्या फ्रिजकडे बघत उभी राहिले. दार न उघडता ठेवलं तर फ्रिज चारेक तास गारवा धरतो. तो कधीच सरला होता.

आई ऐंशीच्या पुढे होत्या. काठी टेकत पडवीत गेल्या आणि म्हणाल्या, “ते कपाट रिकामं कर.”

पुढचा महिनाभर मी शिकले. पहाटेचं दूध आल्या आल्या उकळायचं, नुसतं वर येईतो नव्हे, आच कमी करून आणखी पाच मिनिटं. मग लगेच पातेलं विहिरीच्या पाण्याने भरलेल्या परातीत. पाणी कोमट झालं की बदलायचं, दोनदा, तीनदा. ढवळायचं, म्हणजे आतली ऊब लवकर निघते. दूध जितका वेळ कोमट राहतं तितका वेळ ते धोक्यात असतं, म्हणून हे गार करणंच खरं राखणं. मग दोन भांड्यांत वाटणी. एक वापरायचं, एकाला हात लावायचा नाही. संध्याकाळी ते हात न लावलेलं पुन्हा एकदा उकळायचं. रात्री निजण्याआधी जे असेल त्याला विरजण, मग ते दोन वाट्या असो की लिटर. सकाळी रवीने घुसळायचं. मिक्सर नव्हताच. आई खुर्चीत बसून दोरी धरत, मी खांबाशी. ताक शेजारच्या तीन घरांत जाई. एका घराचं सगळं छप्पर गेलं होतं, त्यांची चूल भिजली होती. त्यांच्याकडे मी ताक आणि भात घेऊन जात असे.

त्या महिन्यात आमच्या घरातून थेंबभर दूध टाकलं गेलं नाही. बाहेर सगळं उद्ध्वस्त असताना हे सांगणं कुणाला क्षुल्लक वाटेल. मला ते तेव्हा आधारासारखं होतं. झाडं उभी करणं आमच्या हातात नव्हतं. पुढची आठ-दहा वर्षं त्या वाडीतून उत्पन्न येणार नव्हतं. हातात होतं ते पातेलं.

पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं, पुन्हा काही दिवस अंधार, पुन्हा कपाट. त्याच डिसेंबरात आई गेल्या. मग वीज नियमित झाली, फ्रिज चालू राहिला, कपाट पडवीत परत गेलं आणि मी पुन्हा विसरले. विसरले म्हणजे ज्ञान विसरले नाही. मन लागेनासं झालं. दोन लिटर यायचं, दोघांना पाऊण लिटर पुरायचं, उरलेल्याला विरजण लावून ताक प्यायला माणसं नव्हती. ह्यांना रात्रीचं दही चालत नाही. तूप तरी किती करणार?

रतीब कमी का केला नाही, असं कोणी विचारेल. मी स्वतःला खूपदा विचारलं. मुलं अचानक आली तर, असं मनात असायचं. कोकणातली मुलं अचानक येत नाहीत, रजा टाकून, आरक्षण मिळवून, चार महिने आधी सांगून येतात, हे मला माहीत होतं. पण १ हा आकडा त्या चौकोनात माझ्या हाताने मांडणं जमत नव्हतं. तो मांडला की घरात दोघंच उरलो, हे लिहून दिल्यासारखं झालं असतं.

माळ्यावरची कॅलेंडरं सापडली त्या संध्याकाळी मी हिशेब केला. आठवड्याला सरासरी दोन लिटर टाकलं जात होतं असं धरलं. वर्षाचे १०४ लिटर. मावशींचा आजचा दर सत्तर रुपये, म्हणजे ७,२८० रुपये वर्षाला. अडीच वर्षांचे १८,२००. एवढ्या पैशांत पडवीची उरलेली कौलं झाली असती. नारळाची रोपं आली असती. पण पैशांहून जास्त लागलं ते वेगळंच. मावशी सत्तरीला आल्या आहेत. पहाटे चारला उठून, पावसात डोक्यावर इरलं घेऊन गवत कापून आणतात, म्हशीला धुतात, आंबोण शिजवतात. त्यातून निघालेलं दूध मी कढीलिंबाला घालत होते.

दुसऱ्या दिवशी मागच्या दारी त्या माप भरत असताना सांगितलं, “मावशी, उद्यापासून एकच लिटर घाला.” सांगताना मला त्यांचीही काळजी होती. महिन्याला तीस लिटरचं गिऱ्हाईक तुटत होतं. त्या मापाचा थेंब निथळू देत थोडा वेळ थांबल्या. “मना वाटलांच व्हतां वैनी. पण कसां इचारायचां? पोरां येतील म्हणून घेताव असां वाटायचां.” मग म्हणाल्या, किनाऱ्यावर नवी राहायची सोय झालीय, ते दूध मागतातच, त्यांना पुरत नाही. मला इतकं हलकं वाटलं की मी आत जाऊन उगीचच चहा टाकला, आणि त्या न बसणाऱ्या बाई त्या दिवशी पायरीवर बसून चहा प्यायल्या.

आता एक लिटर येतं आणि त्याचं सगळं काही होतं. आल्या आल्या उकळते, परातीत गार करते, झाकून फ्रिजच्या आतल्या फळीवर, मागच्या बाजूला ठेवते, जिथे गारवा स्थिर असतो. दिवसभराच्या चहाचं वेगळ्या लहान भांड्यात काढते, म्हणजे मोठ्या पातेल्याला सारखा हात लागत नाही. गुळाचा चहा करायचा असेल तर गूळ आधी पाण्यात उकळून, गॅस बंद करून मग गरम दूध. गुळात थोडी आम्लता असते, उकळत्या दुधात तो घातला की फुटायची भीती. आल्याचंही तसंच, आलं आधी पाण्यात चांगलं उकळू द्यावं.

साय रोज काढून स्टीलच्या डब्यात, डबा फ्रीझरमध्ये. नुसत्या फ्रिजमध्ये आठ दिवस ठेवली तर ती कडवटते, फ्रीझरमध्ये नाही. डबा भरला की बाहेर काढून विरजण, दुसऱ्या दिवशी लोणी, आणि मग तूप कढवायचं. कढताना फेस खाली बसतो, बेरी तांबूस होते, घरभर तो वास. बेरीत साखर घालून खायला मुलं भांडायची. आता मी एकटीच खाते, थोडीशी. विरजणाचे चार चमचे बर्फाच्या साच्यात गोठवून ठेवते. घरचं विरजण बिघडलं की शेजारी मागायला जावं लागत नाही, त्यातला एक खडा कोमट दुधात टाकला की काम होतं. फक्त त्याला वेळ थोडा जास्त लागतो.

गावाला निघालो तर दूध गोठवूनही ठेवते. पण काचेच्या बाटलीत नाही आणि काठोकाठ नाही. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं आणि दुधात बहुतेक पाणीच असतं, त्यामुळे भरलेलं भांडं तडकतं. पाकीट असेल तर डब्यात आडवं ठेवावं, फुटलं तर डब्यात राहतं. वितळवायचं ते बाहेर ओट्यावर नाही, आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या फळीवर. वितळल्यावर चरबी वेगळी होऊन कण दिसतात, म्हशीच्या दुधात जास्तच. उकळून रवीने फिरवलं की चहाला, खिरीला, शेवयांना छान. नुसतं प्यायला मात्र मला ते आवडत नाही, आणि पाहुण्याला तर देऊच नये.

पाकिटाबद्दलही लोक विचारतात, ते उकळावं का. डेअरीत ते ७२ अंशांवर १५ सेकंद तापवून झटकन गार केलेलं असतं आणि तसंच गार हातात आलं तर उकळण्याची खरं म्हणजे गरज नसते. पण आमच्याकडे ते कुंभार्ली किंवा आंबा घाट उतरून, मग टेम्पोने, मग दुकानाच्या दारातल्या उन्हात क्रेटमध्ये थांबून येतं. मधे कुठे किती तापलं ते पाकिटावर लिहिलेलं नसतं. मी उकळते.

पावसाचं वेगळं. घाटात दरड आली की दोन-दोन दिवस दूध येत नाही. मावशींच्या म्हशी त्या काळात आटलेल्या असतात कधी कधी. म्हणून आगोटीच्या बेगमीत आता मी कांदे, लसूण, पापड, सुकं खोबरं यांच्या जोडीला खोक्यातल्या दुधाचे आठ-दहा नग ठेवते. ते १३५ अंशांच्या वर दोन-चार सेकंद तापवून बंद केलेलं असल्याने न उघडता महिनोन्‌महिने फ्रिजबाहेर राहतं. एकदा फोडलं की मात्र ते साध्या दुधासारखंच, फ्रिजात ठेवून दोन-तीन दिवसांत संपवायचं. महाग पडतं, म्हणून रोज नाही. वीज गेलेली, रस्ता बंद, घरात कुणी आजारी, अशा वेळेसाठी. लहान खोकी घेते, म्हणजे एका वेळेला एक संपतं.

आणि पडवीतलं कपाट मी पुसून, नवी जाळी ठोकून माजघरात परत आणलं आहे. सध्या त्यात तुपाच्या बरण्या आणि सोलं आहेत. पायांखाली करवंट्या आहेत, पाणी रोज बदलते.

यंदा गणपतीला दोघं आली. चतुर्थीच्या आधीच मावशींना सांगितलं होतं. चौकोनांत ४ लिहिले, ४, ४, गौरीजेवणाच्या दिवशी ५. म्हैस आटली असल्याने मावशींनी कुठून कुठून गोळा करून आणलं. खीर झाली, पाहुण्यांचे चहा झाले, लेकीने हट्ट धरून खांबाला दोरी बांधून ताक घुसळलं आणि तिच्या मोबाईलवर त्याचं चित्रण केलं. उरलं काहीच नाही. विसर्जनाच्या दुसऱ्या रात्री दोघंही खेडहून गाडीला बसली. लेकीच्या पिशवीत तुपाची एक बरणी, मुलाच्या पिशवीत एक.

सकाळी मावशी मागच्या दारी आल्या. काही न विचारता त्यांनी एकच माप ओतलं. मी पातेलं घेऊन आत आले, दूध गॅसवर ठेवलं, कालनिर्णयाच्या चौकोनात १ मांडला. फ्रिज उघडला तर आतल्या फळीवर एक वाटी झाकून ठेवलेली. मुलाला गाडीत बसण्यापूर्वी प्यायला म्हणून काढून ठेवलेलं दूध, घाईत राहून गेलं होतं. ते लहान भांड्यात ओतलं, कोमट केलं आणि विरजण लावून कपाटात ठेवलं.